बीजांडकोशाचा कर्करोग आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी जे बोललो ते बहुधा मुलांच्या शिक्षणाविषयी. यंदा महिला शाखेने एका रोगाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत मुलांना शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि ज्या घरात हा रोग येऊन गेला त्या घराने जे पाहिले, आणि पुढे डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजून घेतले, ते इतर घरांस सांगणे हे कर्तव्य होय, असे आमच्या धाकट्या भगिनीने आम्हांस बजाविले. तिच्या अनुमतीनेच तिची हकीकत येथे सांगत आहोत. तीत आमचा स्वतःचा एक प्रमाद आहे. तोही लपविणार नाही.

प्रथम रोगाविषयी. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढे एकेक बीजांडकोश असते. दवाखान्यात त्यास ओव्हरी म्हणतात. ही जागा इतकी खोल आणि पोटाची पोकळी इतकी ऐसपैस, की तेथे गाठ वाढू लागली तरी पुष्कळ दिवस बाहेरून काही कळत नाही. स्तनातील गाठ हाताला लागते, तोंडातील व्रण आरशात दिसतो. येथे तसे नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, चार घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, एवढीच काय ती लक्षणे. आमच्या घरोघरच्या स्त्रिया यांस 'गॅस' म्हणतात, ओवा चावतात आणि कामास लागतात. बहुतेक वेळा तो खरोखरच गॅस असतो. परंतु हा त्रास नवा असेल, महिन्यातून बारा दिवसांहून अधिक होत असेल आणि वय पन्नाशीच्या पुढचे असेल, तर सोनोग्राफी करून घेण्यात आळस करू नये.

कोणी विचारील की निरोगी स्त्रियांनी दरवर्षी तपासणी करून घेतली तर काम भागणार नाही काय? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर याची परीक्षा झाली आणि २०२१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दरवर्षीच्या तपासण्यांनी या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. सबब सर्वसाधारण स्त्रीस अशी वार्षिक तपासणी सुचविली जात नाही. लक्षणांकडे लक्ष देणे हाच मार्ग उरतो. सी. ए. १२५ नावाची रक्ततपासणी आहे. पण पहिल्या टप्प्यातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांत ती निर्दोष येते, आणि उलट पोटाच्या क्षयरोगात कर्करोग नसतानाही वाढलेली दिसते. एकट्या त्या आकड्यावर विसंबून धीरही धरू नये आणि घाबरूही नये.

डॉक्टर या रोगाचे चार टप्पे मानतात. पहिल्यात रोग बीजांडकोशापुरता किंवा त्याच्या नलिकेपुरता असतो. दुसऱ्यात तो ओटीपोटात पसरतो. तिसऱ्यात पोटाच्या वरच्या भागातील आवरणावर किंवा लसिकाग्रंथींत जातो. चौथ्यात यकृताच्या आत, फुप्फुसाच्या आवरणात अथवा अन्यत्र दूर पोहोचतो. पहिल्या टप्प्यात गाठलेल्या रोग्यांपैकी शेकडा नव्वदांच्या आसपास पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरवर पसरलेल्या रोगात हे प्रमाण तिसांच्या आसपास येते. हे आकडे अमेरिकेतील नोंदींचे आहेत. बहुसंख्य स्त्रिया डॉक्टरांकडे येतात त्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. म्हणून ज्या थोड्या स्त्रियांचा रोग मर्यादित असताना सापडतो, त्यांच्या बाबतीत पहिली शस्त्रक्रिया कशी होते यास फार महत्त्व आहे. ही संधी एकदाच येते आणि आमच्या घराने ती अर्धी दवडली.

२०१७ सालच्या दिवाळीत आमच्या भगिनीस पोट जड वाटू लागले. तिचे वय तेव्हा बावन्न. तीन महिने तिने चूर्णे घेतली. पौषात सोनोग्राफी झाली, तेव्हा डाव्या बीजांडकोशावर मोठ्या लिंबाएवढी गाठ दिसली. अहवालाच्या अखेरच्या ओळीत लिहिले होते की गाठीत द्रवाबरोबर घन भागही दिसतो, तरी पुढील तपासणी करावी. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'प्रश्न शेवटपर्यंत नीट वाचा' असे सांगणाऱ्या आम्ही ती ओळ वाचली नाही. पाण्याची गाठ आहे, एवढेच ऐकून आम्ही स्वस्थ झालो.

जवळच्या एका शल्यचिकित्सकांनी, एकदा मुंबईस दाखवून यावे काय, असे विचारले होते. परंतु भाचीचा विवाह वैशाखात ठरला होता. घरातील कर्ते पुरुष म्हणून आम्हीच म्हणालो, "डॉक्टर, दुर्बिणीने करून टाका. टाके नकोत, अंथरूण नको. लग्नघर आहे." त्यांनी आमच्या आग्रहास मान दिला ही त्यांची चूक असेल, आग्रह धरला ही आमची. जिचे पोट होते तिला कोणी विचारलेच नाही.

येथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय हे सांगणे अवश्य आहे. बीजांडकोशाच्या गाठीची शस्त्रक्रिया ही पोटाच्या शस्त्रक्रियांतील जुन्यांपैकी एक. १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात डॉ. एफ्रेम मॅकडोवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड नामक बाईच्या पोटातून सुमारे बावीस पौंडांची गाठ काढली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. ती बाई साठ मैल घोड्यावर बसून डॉक्टरांच्या गावी आली होती, आणि शस्त्रक्रियेनंतर तीस वर्षांहून अधिक जगली. पुढे शंभर वर्षे पोट उघडल्यावाचून आत पाहण्याचा मार्ग नव्हता. १९१० साली स्वीडनमधील डॉ. याकोबेयस यांनी माणसाच्या पोटात बारीक नळी घालून आत पाहण्याचे काम केले. जर्मनीतील कील येथील डॉ. कुर्ट झेम यांनी या नळीतून शस्त्रक्रिया करण्याची साधने पुष्कळ सुधारली. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हापासून ही विद्या महाराष्ट्रात रुजली.

हिची रीत अशी. रोग्यास संपूर्ण भूल देतात. बेंबीजवळ लहान छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, जेणेकरून पोटाची भिंत वर उचलली जाऊन आत काम करण्यास जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा जातो, इतर दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याच्या कात्र्या आणि चिमटे. शल्यचिकित्सक पडद्यावर पाहून काम करतात. रक्त कमी जाते, वेदना कमी होतात, जखम पिकण्याचे भय कमी, आणि रोगी लवकर हिंडूफिरू लागतो. हे सर्व लाभ खरे आहेत आणि त्यांस नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु एक अडचण तिच्या पोटातच आहे. छिद्र बोटाच्या पेराएवढे आणि गाठ लिंबाएवढी, कधी नारळाएवढी. ती बाहेर कशी काढावयाची? पाण्याची साधी गाठ असेल तर ती फोडून, आतील द्रव शोषून, रिकामी पिशवी ओढून काढता येते. आमच्या भगिनीची गाठ साधी समजून तशीच फोडली गेली आणि तुकड्यांनी काढली गेली. चौथ्या दिवशी ती घरी आली. आम्ही पेढे वाटले. दहाव्या दिवशी तपासणीचा अहवाल आला, त्यात कर्करोग निघाला.

आमच्यापैकी जे शेती करतात त्यांस गाजरगवत ठाऊक आहे. फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट अलगद उपटले तर शेत स्वच्छ राहते. बी धरलेले झाड हिसडा देऊन ओढले तर बी साऱ्या वावरात उडते, आणि पुढे काय उगवेल हे कोणी सांगू शकत नाही. बीजांडकोशाच्या कर्करोगाची पिशवी ही तशीच आहे. ती अखंड असेल व रोग एका बाजूपुरता असेल, तर पहिल्या टप्प्यातील सर्वांत सौम्य पायरी. शस्त्रक्रियेत ती फुटली, तर गाठ तीच असूनही पायरी चढते. २००१ साली पंधराशेंवर स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून युरोपातील डॉक्टरांनी दाखविले की पिशवी फुटल्याने रोग परतण्याचा धोका वाढतो. २०२० साली अमेरिकेतील आठ हजारांवर स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पाचांतील एकीहून अधिक स्त्रियांच्या गाठी फुटल्या होत्या; आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ते प्रमाण काहीसे अधिक होते. याच कारणास्तव, रोग मर्यादित आहे असा संशय असताना गाठीत बाहेरून सुई घालून नमुना काढणेही टाळतात.

त्यानंतर आम्ही भगिनीस घेऊन मुंबईस एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेलो. तेथील बाईंनी सर्व कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, छिद्र लहान की मोठे, हे नंतर आरशात पाहायचे. आम्ही आधी पाहतो, गाठ अखंड निघेल की नाही." आम्ही मान खाली घातली. मग त्यांनी सांगितले की आता उरलेली शस्त्रक्रिया केली पाहिजे, आणि ती दुर्बिणीनेच करता येईल. आम्हांस आश्चर्य वाटले. ज्या दुर्बिणीने घात केला तीच पुन्हा? तेव्हा त्यांनी समजावून दिले की घात दुर्बिणीने केला नव्हता. संशयित गाठ साधी मानल्याने तो झाला होता. आता मोठी गाठ काढावयाची नव्हती. रोग आणखी कोठे गेला आहे काय, हे शोधावयाचे होते, आणि त्या कामास कॅमेरा उत्तम.

त्या शोधास डॉक्टर 'स्टेजिंग' म्हणतात. पोटात खारे पाणी सोडून ते परत घेतात व त्यात रोगाच्या पेशी आहेत काय हे पाहतात. यकृताचा पृष्ठभाग, छाती व पोट यांमधील पडदा, आतड्यांच्या दोन्ही बाजू, सर्व डोळ्यांखालून घालतात. ठिकठिकाणी आवरणाचे नमुने घेतात. आतड्यांवरून पदरासारखे लोंबणारे चरबीचे आवरण काढतात. गर्भाशय, दुसरे बीजांडकोश आणि दोन्ही नलिका काढतात. गाठीच्या प्रकारानुसार, ओटीपोटातील व मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या लसिकाग्रंथीही तपासणीस काढतात. वरवर पहिला टप्पा वाटणाऱ्या काही स्त्रियांत या शोधात रोग पुढे गेलेला आढळतो आणि उपचार बदलतात. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचा रोग एकाच बाजूस असेल तर गर्भाशय व दुसरे बीजांडकोश राखूनही हा शोध करता येतो, हेही सांगून ठेवतो.

आमच्या भगिनीचे हे सर्व चार छिद्रांतून झाले. तिसऱ्या दिवशी ती चालू लागली आणि वीस दिवसांच्या आत पुढील औषधे सुरू झाली. सुदैवाने रोग अन्यत्र सापडला नाही. गाठीची जात सौम्य होती. ती अखंड निघाली असती तर केमोथेरपीची गरज बहुधा पडली नसती, असे बाई म्हणाल्या. फुटल्यामुळे सहा फेऱ्या घ्याव्या लागल्या. २०१८ नंतर आजतागायत रोग परतलेला नाही, ही ईश्वराची कृपा आणि त्या बाईंचे कौशल्य.

मग प्रश्न असा की रोग मर्यादित असता दुर्बीण चांगली की पोट उघडणे चांगले? याचे प्रामाणिक उत्तर देण्याजोगी परीक्षा पहिल्या टप्प्याच्या बाबतीत झालेली नाही. २०१६ साली एका जागतिक मंडळींच्या समितीने सर्व अभ्यास चाळले. दोन्ही रीतींची चिठ्ठ्या टाकून समान तुलना करणारा एकही तिला आढळला नाही. जे अभ्यास आहेत त्यांत निष्णात हातांनी, निवडक रोग्यांत केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे परिणाम पोट उघडून केलेल्यासारखेच दिसतात. परंतु सोपे रोगी दुर्बिणीच्या वाट्यास आले म्हणूनही तसे दिसत असेल. पसरलेल्या रोगात आधी औषधे देऊन तो आटोक्यात आल्यावर दुर्बिणीने काढावा काय, हे पाहण्यासाठी २०२० साली 'लान्स' नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा सुरू झाली.

अनुमानावर विसंबणे किती घातक, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दाखविले आहे. तेथेही सर्वांची समजूत होती की दोन्ही रीती सारख्या. २०१८ साली ६३१ स्त्रियांवरील परीक्षेचा निष्कर्ष आला. तीन वर्षांनंतर रोगमुक्त स्त्रियांचे प्रमाण पोट उघडलेल्यांत शेकडा ९७.१ आणि दुर्बिणीवाल्यांत शेकडा ९१.२ निघाले. जगभरच्या डॉक्टरांस आपली रीत बदलावी लागली. उलट गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगात दुर्बीण तितकीच सुरक्षित ठरली आहे. सारांश, शेजारच्या बाईचे दुर्बिणीने बरे झाले म्हणून आपलेही तसेच करावे, हा तर्क येथे चालत नाही. अवयव कोणता, गाठ केवढी, ती आतड्यास चिकटलेली आहे काय, आणि हात कोणाचा, यांवर सर्व अवलंबून असते.

यास्तव अशी वेळ कोणावर आली तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, ही गाठ कर्करोगाची असण्याचा संशय किती, आणि तसे असल्यास स्त्रियांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञास आधी दाखवावे काय? दुसरी, गाठ न फोडता पिशवीत घालून अखंड काढणार काय? अशी पिशवी पोटात सोडून, गाठ तीत घेऊन, तिचे तोंड बाहेर आणता येते. तिसरी, शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ गोठवून तपासण्याची सोय तेथे आहे काय? तिचे उत्तर सुमारे अर्ध्या तासात मिळते. चौथी, कर्करोग निघाला तर संपूर्ण शोध त्याच वेळी करणार काय? पाचवी, गाठ फुटेल असे वाटल्यास पोट उघडण्याची मुभा डॉक्टरांस आपण दिली आहे काय? ही शेवटची सर्वांत महत्त्वाची. दुर्बिणीने आरंभ करून मध्येच पोट उघडले तर नातेवाईक डॉक्टरांवर रागावतात, बिलाच्या गोष्टी काढतात. वास्तविक तो डॉक्टरांचा विवेक असतो. "डॉक्टर, गाठ फुटू देऊ नका; टाका पडला तरी चालेल," एवढे एक वाक्य आम्ही त्या दिवशी बोललो असतो तर आमच्या बहिणीच्या सहा फेऱ्या वाचल्या असत्या.

आणखी एक गोष्ट मनास लागून राहिली आहे. भाचीचा विवाह ठरल्या मुहूर्तावर झाला. औषधांनी भगिनीचे केस गेले होते. ती डोक्यावरून पदर घेऊन कन्यादानास बसली. पाहुण्यांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले, "टायफॉइड झाला होता." आपल्यापैकी कित्येकांना आम्ही तोंडावर असे सांगितले आहे, आज त्याची क्षमा मागतो. सोयरिकीत बोलणे होईल, भाच्यांची लग्ने अडतील, हे भय होते. तिने रात्री विचारले, "दादा, मी काय पाप केले म्हणून लपवायचे?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

हा रोग सांसर्गिक नाही आणि कोणाच्या कर्माचे फळही नाही. काही घरांत मात्र तो बी. आर. सी. ए. नावाच्या जनुकातील दोषामुळे येतो, आणि तो दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. लपविल्याने मुलींचेच अहित होते. माहीत असेल तर त्यांची रक्ततपासणी होऊ शकते. ज्यांत दोष सापडतो त्यांस, मुलेबाळे झाल्यावर, योग्य वयात नलिका व बीजांडकोश आधीच काढून घेण्याचा सल्ला देतात, आणि तेथे दुर्बीणच वापरतात. आमच्या भगिनीने ही तपासणी करून घेतली. दोष निघाला नाही; पण निघाला असता तरी तो सांगण्याचे धैर्य या खेपेस आम्ही दाखविले असते, अशी आशा आहे.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण विद्यार्थ्यांना पुस्तकपेढी चालवितो, ते उत्तमच. त्याचबरोबर मंडळाच्या साहाय्य निधीतून, ज्या भगिनीस असा संशय सांगितला गेला असेल तिला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी मोठ्या शहरी जाण्या-येण्याचा खर्च द्यावा आणि सोबतीस एक जाणती स्त्री द्यावी. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तिची कागदपत्रे कशी करावीत हे सांगणारा एक कार्यकर्ता प्रत्येक शाखेत असावा. खर्च फार नाही. आरंभ म्हणून आमच्या भगिनीने आपल्या हातची एक लहानशी रक्कम आज कोषाध्यक्षांकडे दिली आहे, आणि सोबत जाण्यास पहिले नाव तिने स्वतःचे लिहून दिले आहे.

ती समोरच तिसऱ्या रांगेत बसली आहे. ज्या भगिनींना काही विचारावयाचे असेल त्यांनी आम्हांस न विचारता तिलाच विचारावे.